एकटा पायमोजा

आमच्या घरात बोलायचं काम आई आणि मी वाटून घेतलंय. दादा अधूनमधून तोंड घालतो, पण त्याचं कोणी मनावर घेत नाही. वहिनीकडे ऐकायचं काम. लग्न होऊन आली तेव्हा आम्हाला वाटलं, नवीन आहे, बुजली असेल, खुलेल हळूहळू. तिची मुलगी आता नोकरीला लागून परगावी गेली, तरी वहिनी अजून खुलायचीच आहे. काही विचारलं की "हं" म्हणते. या एका "हं"चे तिच्याकडे नाना प्रकार आहेत. होकाराचा वेगळा, नकाराचा वेगळा, आणि "तुम्ही दोघी आता गप्प बसाल का" याचाही एक आहे.

मी तिची धाकटी नणंद. केस पिकायला लागले तरी घरात मला "छोटी"च म्हणतात. खालच्या मजल्यावर माझं शिवणकाम चालतं, वर ते तिघं राहतात. जेवण सगळ्यांचं वरती.

वहिनी मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. लाँड्री तळघरात. मशीन भिंतीत बसवलेली, त्यांना दोन दारं. मळके कपडे अलीकडून आत जातात आणि धुतलेले पलीकडच्या खोलीत बाहेर पडतात, म्हणजे दोन्हींची गाठ पडू नये. वहिनीचं टेबल मळक्या बाजूला. वॉर्डांतून चादरींच्या भरलेल्या थैल्या येतात, त्या टेबलावर उलट्या करायच्या आणि कपडे वेगवेगळे लावायचे. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून ती हे काम अशा वेगानं करते की बघणाऱ्यालाच दम लागतो. चादरीत काय सापडेल याचा नेम नसतो. पेनं, चमचे, थर्मामीटर, एकदा तर चालू मोबाइल, आणि त्यावर कुणाची तरी बायको ओरडत होती.

बाळांच्या टोप्या, पायमोजे, बारीक पट्टे हे मात्र वॉर्डातूनच जाळीच्या पिशवीत बांधून येतात. ती पिशवी उघडायची नाही, तशीच मशीनमध्ये टाकायची. उघडली की टोप्या चादरींत शिरतात आणि मग बसा शोधत. हा नियम लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला वहिनीनंच शिकवलाय. तेवढ्यापुरती ती बोलते.

मागच्या वर्षी आई जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं. वहिनीच्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. हात बरा करून आई घरी आली, पण दात आले नाहीत. वरचीखालची पूर्ण कवळी गायब. रात्री कागदी रुमालात गुंडाळून उशीपाशी ठेवली होती, असं आईचं म्हणणं. सकाळी नर्सनं चादरी बदलल्या. चादरी खाली गेल्या. खाली टेबलावर कोण होतं? आमची वहिनी.

झालं! आईला जन्माचा विषय मिळाला. "माझे दात सुनेच्या मशीननं चावून खाल्ले," असं ती येईल त्याला सांगायची. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, फोन चुकून लागलेल्या माणसालाही सांगितलं. नवी कवळी करून घेतली, पण ती बसेना. बोलताना टकटक वाजायची. आईला सफरचंद जीव की प्राण. ते दातांनी तोडून खायचं सुख गेलं. किसून वाटीत दिलं की वाटीकडे बघून ती नुसते उसासे टाकायची. मीही हसून घेतलं बरंच. वहिनी मात्र हसली नाही. तिनं मशीनच्या गाळण्या उघडून बघितल्या, मशीनमागे घुसून बघितलं. काही सापडलं नाही. आपल्या हातून सासूचे दात गेले, हे तिनं मनाशी धरलं आणि त्यावर ती कोणाशीही बोलली नाही.

लाँड्रीची मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकनं तिला शोधताना पाहिलं. तो म्हणाला, "अहो, दात काय तुमच्याकडेच हरवतात का? जगभर हरवतात." त्यानं तिच्या मोबाइलवर एक ग्रुप उघडून दिला. देशोदेशीच्या हॉस्पिटलांत लाँड्रीत काम करणाऱ्यांचा. जो तो आपापल्या भाषेत बोलतो आणि मोबाइल ते मराठीत करून वाचून दाखवतो. मोबाइलचा आवाज अगदी सपाट आणि भाषा फार सभ्य. संध्याकाळी वहिनी मटार सोलत बसली की स्वयंपाकघरात ऐकू यायचं, "आदरणीय भगिनींनो, मी आज सर्व उशा जाळल्या आहेत." आई दचकून विचारायची, "कोणाच्या उशा? काय जाळलं?" मग तीही स्टूल ओढून ऐकत बसायची. ऐकत नसल्यासारखं दाखवून.

त्या ग्रुपाची एक रीत होती. तिथे कोणी यायचं आणि "बघा, मी काय छान केलं" म्हणायचं, हे चालत नसे. आधी आपला घोळ सांगायचा, मग उपाय. घोळ सांगितला, की ज्याच्या ज्याच्या हातून तसाच घोळ झाला असेल तो एका एकट्या पायमोज्याचा फोटो टाकायचा. जोडी हरवलेला, कोणत्याही रंगाचा. लाँड्रीवाल्यांपाशी त्यांचा काय तोटा! अर्थ एवढाच, की माझंही असंच झालंय. उपदेश नाही, काळजी करू नका नाही. फक्त पायमोजा.

वहिनी त्या ग्रुपात कित्येक महिने होती आणि एक शब्द बोलली नव्हती. तिथेही "हं".

पण ऐकत होती. कुठल्याशा देशातल्या एका बाईनं सांगितलं, की त्यांच्याकडे प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटच्या उशीला जाळीची छोटी पिशवी टाचलेली असते. दात, कानातलं मशीन, सगळं त्यात. हरवणं निम्म्यानं कमी झालं. वहिनीनं ते मनात घोळवलं आणि एके दिवशी चक्क मेट्रनबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मेट्रनबाई म्हणजे हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सेसच्या वरच्या. त्यांच्यापुढे भले भले डॉक्टर चळचळ कापतात. वहिनी काय बोलली असेल देव जाणे, पण म्हाताऱ्यांच्या वॉर्डात पिशव्या लावून बघायचं ठरलं. पिशव्या मी शिवून दिल्या. पांढऱ्या, तोंडाला नाडी. आईला मी सांगितलं, "बघ, तुझ्या दातांपायी काय काय चाललंय." आई काही बोलली नाही. एव्हाना तिचं ते मशीननं दात खाल्ल्याचं पुराणही बंद पडलं होतं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, सुचलं शहाणपण.

थोडे दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी वॉर्डातून एक थैली आली. वहिनीनं ती टेबलावर उलटी केली. चादरी इकडे, अभ्रे तिकडे, टॉवेल पलीकडे. एका अभ्र्याला टाचलेली जाळीची पिशवी होती, नाडी बांधलेली. वहिनीच्या हातांनी टाचणी काढली आणि पिशवी, न उघडता, मशीनमध्ये टाकली.

हातांनी टाकली, असं ती मला सांगताना म्हणाली. "डोकं तिथं नव्हतंच गं. जाळी दिसली, बांधलेली होती, हात गेले."

पलीकडच्या खोलीत उकळत्या पाण्यातून निघालेले दात बाहेर पडले. ते एका आजोबांचे होते. दात सगळे जागच्या जागी, पण हिरड्या अशा वाकल्या होत्या की घातले तर माणूस सदानकदा एका गालात हसतोय असं वाटावं. आजोबांना मुळीच हसू आलं नाही.

लाँड्रीच्या साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, कोणी टाकली? "मी," वहिनी म्हणाली. पिशव्या त्याच दिवशी उतरल्या. साहेबांनी बजावलं, की यापुढे दातांची आणखी एक जरी तक्रार वरून आली, तरी वहिनीनं टेबल सोडायचं आणि रोलरकडे जायचं. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करणारी ती अवाढव्य मशीन. तिथे वाफेनं अंग शिजतं, शिवाय दिवसभर ओल्या चादरी ताणून धरायच्या. वहिनीच्या मनगटांना ते झेपणारं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. रोलर म्हणजे चार-सहा महिन्यांत नोकरी सोडणं, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही.

मी भडकले. "त्या ग्रुपातल्या बाईलाच जाब विचार!" म्हटलं. "म्हणावं, तुझी पिशवी आणि आमचा सत्यानाश!"

"हं," वहिनी म्हणाली. हा नकाराचा.

"बरं, जाब नको. निदान सांग तरी त्यांना. काही उपाय सुचवतील."

"कसं सांगू? इतके दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलं, स्वतः काही दिलं नाही. आणि पहिल्यांदा तोंड उघडायचं ते हे सांगायला?"

इतकं मोठं वाक्य मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. तिचं नाक लाल झालं होतं. आई तिथेच बसली होती, खाली मान घालून. कवळी टकटक वाजली, म्हणजे तिला काहीतरी बोलायचं होतं. पण ती उठून गेली. मला राग आला. म्हटलं, ही बाई आताही सुनेला दोन शब्द धीराचे देणार नाही का?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी वहिनी मटार घेऊन बसली. दादा बाहेर गेला होता, मी काजबटणं करत होते, आई कपाट आवरत होती. वहिनीनं अचानक मोबाइल तोंडाशी धरला आणि म्हणाली, "नमस्कार. माझा घोळ." मी सुई हातात धरून तशीच थांबले. मग तिनं सांगितलं. पिशवीचं, नाडीचं, स्वतःच्या हातांचं. आजोबांच्या गालातल्या हसण्याचंही सांगितलं. काही लपवलं नाही, रडगाणंही गायलं नाही. शेवटी म्हणाली, "न उघडण्याचा नियम मीच सगळ्यांना शिकवला होता. एवढंच." आणि मोबाइल पालथा घालून ठेवला.

मटार संपले तरी तिनं तो सुलटा केला नाही. शेवटी मीच केला.

पायमोजे! हिरवे, पट्ट्यांचे, टाचेला भोक पडलेले, बाळाचा एक, एक तर इतका लांब की फोटोत मावेना. खाली सरकवावं तसे येतच होते. सगळ्यात वर त्या पिशवीवाल्या बाईचा, आणि तिच्यामागोमाग मोबाइलचा सपाट आवाज: "प्रिय भगिनी, आमच्या लाँड्रीत कपडे धुण्यासाठी जाळीची पिशवी वापरली जात नाही. हे सांगण्याचे मला सुचले नाही. हा माझा घोळ आहे." वहिनीनं पदार्थ चाखून बघावा तसं ते वाक्य पुन्हा एकदा ऐकलं. मग आणखी एकदा. तिच्या छातीवरचा धोंडा उतरताना मला अक्षरशः दिसला. ती लांब श्वास सोडून म्हणाली, "छोटी, चहा टाकतेस?" इतक्या वर्षांत तिनं मला काम सांगितलं ते पहिलंच. मी धावत गेले.

मग उपायांची चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे पिशवी लाल करा, कोणी म्हणे नाडी काढा. कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा रोलरवाला होता, निवृत्त झालेला, पण ग्रुप सोडवत नव्हता. तो म्हणाला, "लहान वस्तूला लहान घर देऊ नका. ती अधिक हरवते. मोठे घर द्या."

यावर वहिनी दोन दिवस विचार करत होती. पोळपाट-लाटणं, बशा, माझी कात्री, दिसेल ते हातात घेऊन डोळे मिटून चाचपायची. दादाला वाटलं, हिला डोळ्यांचं काही झालं. मग जेवताना एकदम म्हणाली, "आमच्याकडे जे येतं ते सगळं मऊ असतं."

"मग?" दादानं विचारलं.

"मग हातांना मऊ काही दिलं, तर ते विचार न करताच टाकणार. कडक द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून भगव्या रंगाचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. चांगला शाळेच्या डब्याएवढा, फिरकीचं झाकण. आत दात ठेवून बघायचे होते. आई चटकन कवळी काढून देईल असं वाटलं नव्हतं, पण तिनं दिली. वहिनीनं डबा चादरीत गुंडाळून टेबलावर टाकला. असा काही दणका झाला की खालच्या मजल्यावरचं माझं मांजर पळालं. ग्रुपात तिनं तो आवाज पाठवला. म्हाताऱ्या रोलरवाल्यानं उत्तर दिलं, "हे घर योग्य आहे."

मेट्रनबाईंकडे पुन्हा जायचं म्हणजे वाघाच्या गुहेत दुसऱ्यांदा शिरणं. वहिनी गेली. या वेळी तिनं ग्रुपाची रीत पाळली. आधी स्वतःचा घोळ सांगितला, तो का झाला ते सांगितलं, आणि मग डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. मेट्रनबाईंनी तो उचलला, खडखडवला. म्हणाल्या, "साहेबांचं तुम्हाला माहीत आहे. एक तक्रार आली तर मी मध्ये पडणार नाही."

"हं," वहिनी म्हणाली.

डबे लागले. आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी सगळ्यांचे डोळे दाराकडे. वहिनी आली, चपला काढल्या, "हं" म्हणाली, की आम्ही श्वास सोडायचो. आई तर खिडकीतच उभी राहायची. सुनेची वाट बघताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

मग तो दिवस आला. वहिनी टेबलापासून लांब, भरलेल्या थैल्या आणायला गेली होती. तिच्या जागी एक धिप्पाड नवा माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. कानात गाणी घालून काम करायचा. त्यानं थैली उलटी केली आणि त्या गाण्यांवरूनही त्याला ऐकू आलं: ठण्ण! कान मोकळे करून त्यानं चादर चाचपली आणि भगवा डबा बाहेर काढला. आत दात, वर एका आजींचं नाव. "वहिनी, हे घ्या तुमचं घर," असं म्हणत त्यानं, ती परत आल्यावर, तो तिच्या हातात दिला. लाँड्रीत तोवर सगळे त्या डब्याला घरच म्हणायला लागले होते. वहिनीनं डबा लिफ्टमधून वर पाठवला.

थोड्या वेळानं फोन वाजला. साहेबांनी उचलला, ऐकलं आणि वहिनीकडे बघत तिच्यापुढे धरला. पलीकडे मेट्रनबाई. "वॉर्डात एका आजींचे दात नाहीत. चादरी खाली गेल्यात. काय ते..."

"लिफ्टमध्ये आहेत," वहिनी म्हणाली. "दार उघडलं की दिसतील."

पलीकडे पावलं वाजली. मग लिफ्टच्या दाराचा आवाज, आणि मग मेट्रनबाईंचा वेगळाच आवाज: "आहेत हो. आहेत." साहेबांनी फोन जागेवर ठेवला आणि टेबलाकडे हात करून म्हणाले, "चला, लागा कामाला. तुमचंच आहे ते." महिनाअखेरीस सगळ्या वॉर्डांत डबे आले.

फोन आला त्या संध्याकाळी वहिनी "हं" म्हणाली नाही. दारातूनच म्हणाली, "राहिलं टेबल!" आणि खुर्चीत बसून हातांनी तोंड झाकून घेतलं. दादाला काय करावं सुचेना, तो पंखा लावून आला. मी रडले, लपवत नाही. इतकं मोकळं मोकळं वाटलं, की भांडायलाही कोणी नको झालं.

फक्त आई उभीच होती. ती आतल्या खोलीत गेली आणि चष्म्याचं जुनं घर घेऊन आली. ते तिनं वहिनीपुढे ठेवलं.

"उघड."

वहिनीनं उघडलं. आत दात. आईचे जुने, वरचेखालचे.

"कोटाच्या आतल्या खिशात होतं हे," आई म्हणाली. "हॉस्पिटलला घालून गेले होते तो. रुमालातून मीच यात ठेवले असणार, आणि विसरले. थंडी पडली, कोट काढला, तेव्हा सापडले. तेव्हाच सांगणार होते गं. पण तू त्या पिशव्यांचं सुरू केलं होतंस, माझ्या दातांपायी. मग कोणत्या तोंडानं सांगू, की दात हरवलेच नव्हते?" कवळी जोरात वाजायला लागली. "नंतर तुझं टेबलच जायची वेळ आली. रोज म्हणायचे, आज सांगते. तुझी ती माणसं कशी सांगून टाकतात आधी. मला नाही जमलं. आता सांगितलं. हा माझा घोळ. टाक त्यांना."

म्हणजे इतके महिने जुने, मापाचे दात कपाटात ठेवून ही बाई ती टकटकणारी कवळी तोंडात वागवत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आणि असं फार वेळा होत नाही.

वहिनीनं ते दात एकदा उलटून बघितले. मग उठली आणि न्हाणीघराकडे गेली. मला वाटलं, गेली रडायला, आणि रडेल नाहीतर काय. आईचा चेहरा एवढासा झाला.

वहिनी परत आली. तिच्या हातात दादाचा राखाडी पायमोजा होता, टाचेला विरलेला, जोडी कधीच हरवलेला. तो तिनं आईपुढे, चष्म्याच्या घराशेजारी, नीट सरळ करून ठेवला.

आईनं स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकलेलं होतं. अर्थ तिला विचारावा लागला नाही. तिनं पायमोजा उचलून मांडीवर घेतला आणि पदरानं डोळे पुसले. मग तोंड फिरवून नवे दात काढले, जुने घातले, आणि सफरचंद मागितलं.

"किसून देऊ?" वहिनीनं विचारलं.

"नको," आई म्हणाली, "अख्खंच दे."